इथंच राहायचं म्हणून

दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी मी फोन ओट्यावर पालथा ठेवते. डबे भरायचे असतात, मुलीची वेणी घालायची असते, सासऱ्यांच्या गोळ्या काढून ठेवायच्या असतात. त्या गडबडीत साडेसात-आठच्या सुमारास तो थरथरतो आणि ग्रॅनाइटवर थोडा सरकतो. गृहकर्जाचा हप्ता वळता झाल्याचा मेसेज. मागोमाग आणखी एक-दोन: एसआयपी, विम्याचा हप्ता, शाळेच्या बसचे पैसे. यातला एकही आकडा मला नवा नसतो. हप्ता आजवर कधी चुकलेला नाही, खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेलेला नाही. मेसेजची पहिली ओळ मला पाठ आहे. बघायची नसते ती शेवटची, जिथं शिल्लक लिहिलेली असते. तारीख पाच, आणि शिल्लक मात्र पंचवीस तारखेला असावी तेवढी.

नवरा ती ओळ बघतो. बघून मान हलवतो आणि पेपर उचलतो. आमचं त्यावर बोलणं होत नाही. आठवड्याभरानं केव्हातरी, दिवा मालवल्यावर, तो म्हणतो, "दिवाळीत बोनस आला की जरा सुटेल." मी म्हणते, "हो, सुटेल." दिवाळी येते, बोनसही येतो, पण त्या पैशांचं काय करायचं ते गणपतीतच ठरून गेलेलं असतं.

आमचे दोघांचे पगार मिळून, कर कापून, महिन्याला पाच लाखांच्या आसपास हातात पडतात. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले. हा आकडा वाचल्यावर पुढचं ऐकून घ्यायची कुणाची तयारी राहील असं मला वाटत नाही, आणि त्यात ऐकणाऱ्याची चूक नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पानं नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, तेव्हा मध्यमवर्गाला दिलासा मिळाला असं सगळीकडे छापून आलं. आम्ही त्या रेघेच्या फार वर आहोत. माझ्या वडिलांनी सबंध नोकरीत जेवढं मिळवलं असेल तेवढं आम्ही थोड्याच वर्षांत मिळवतो. तरीही महिना सरता सरता जी ओढाताण जाणवते ती खरी आहे. आता ती खरी आहे, तर कुणापुढं बोलून दाखवावी, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

पैसे जातात कुठं, हे आम्हाला नीट ठाऊक आहे. हप्ता, मग शाळा. मुलीची शाळा तिमाहीला फी घेते आणि ती भरायचा महिना आला की बाकीचे सगळे खर्च आपोआप मान खाली घालतात. सासऱ्यांना चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ब्युरोतून माणूस येतो, दिवसपाळीचा. त्याच्याशिवाय आम्हा दोघांपैकी एकाला नोकरी सोडावी लागेल. सोसायटीचा मेंटेनन्स, मेडिक्लेम, फिजिओथेरपी, कोकणातल्या घराची दर दोन-तीन पावसाळ्यांनी बसवून घ्यायची कौलं. दोन वर्षांतून एकदा आम्ही परदेशी सहलीलाही जातो, महिन्यातून दोनदा बाहेर जेवतो, आणि हे दोन्ही मला हवं असतं. या यादीतलं काय काढून टाकता येईल, याचा विचार मी पुष्कळ रात्री केला आहे. सहल काढली तर वर्ष थोडं सैल होतं. पण ज्यानं महिना खरोखर मोकळा होईल अशी यादीत एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे हे घर. हे पार्ल्यातलं असणं.

माझं लहानपण पार्ल्यातच गेलं, पूर्वेला, राममंदिर रस्त्यामागच्या एका वाडीत. दोन खोल्या, पुढं सामाईक पडवी, मागं विहीर आणि तिच्यावर वाकलेला एक रायवळ आंबा. वडील बँकेत कारकून. पगाराच्या संध्याकाळी आई देवापुढं दिवा लावायची आणि मग जमिनीवर बसून पाकिटं भरायची. वाणी, दूध, वीज, शाळा, औषध, येणंजाणं. 'येणंजाणं' हे पाकीट सगळ्यांत बारीक आणि महिनाअखेरीला हमखास रिकामं, कारण त्यातूनच बारशाचे, मुंजीचे, आलेल्या पाहुण्यांच्या श्रीखंडाचे पैसे जायचे. दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयात. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर फुली, म्हणजे खाडा. पंचवीस तारीख उलटली की आई मुद्दाम खाडे करायची, आणि घरात कोरा चहा व्हायचा. शेजारच्या काकू पडवीतून हाक मारून विचारायच्या, "आज दूध नाही घेतलंत?" आई तितक्याच मोठ्यानं सांगायची, "नाही हो, महिनाअखेर आहे."

त्या "महिनाअखेर आहे"मध्ये लाज नव्हती. सगळ्या वाडीत एकाच वेळी महिनाअखेर असायची. वाटीभर साखर इकडून तिकडे गेली, तर पुढच्या महिन्यात तिकडून इकडे यायची. वाण्याच्या वहीत कुणाचं किती थकलं आहे ते वाण्याबरोबर सगळ्यांना ठाऊक असायचं. वडिलांनी आत्याच्या लग्नासाठी पीएफमधून उचल घेतली, पतपेढीचं कर्ज काढलं, त्याला जामीन म्हणून वाडीतल्याच दोघांनी सह्या केल्या. हे मला माहीत आहे, कारण सह्या आमच्या पडवीत बसून झाल्या आणि मी चहा घेऊन गेले होते. ते दिवस गोड होते असं मला म्हणायचं नाही. आईच्या पाटल्या एकदा गहाण पडल्या होत्या आणि त्या दिवशी ती जेवली नव्हती. पण का जेवली नाही, हे शेजारच्या काकूंना ठाऊक होतं, आणि संध्याकाळी त्या पिठलं घेऊन आल्या.

ती वाडी आम्हाला परवडत होती ती आईच्या पाकिटांमुळं, असं मी कितीतरी वर्षं मानत आले. अजूनही थोडं मानते. पार्लेकर म्हणजे साधी राहणी, काटकसर, मुलांचं शिक्षण, ग्रंथालय आणि व्याख्यान. टिळक गेल्यावर वर्षभरात, १९२१ साली, इथल्या लोकांनी त्यांच्या नावानं शाळा काढली. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. मिठाच्या सत्याग्रहात, १९३० साली, पार्ल्यात छावणी होती. पु. ल. देशपांडे इथल्याच शाळेत शिकले. असल्या गावात वाढताना आपण गरीब आहोत असं कुणालाच वाटत नाही. कोपरात ठिगळ असलेला शर्ट घालून माणूस टिळक मंदिरात पहिल्या रांगेत बसू शकतो, आणि त्याच्याशेजारी डॉक्टर किंवा वकील असतो.

पण या सगळ्याखाली एक जमीन होती, आणि ती स्वस्त होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या घरांची भाडी जवळजवळ जागच्या जागी थिजवली. आजोबांनी पन्नासच्या दशकात त्या दोन खोल्या घेतल्या आणि माझं शिक्षण संपेपर्यंत त्यांचं भाडं शंभर रुपयांच्या आत होतं. आईनं काटकसर केली, खरंच केली. पण भाड्याचं पाकीट तिला कधी भरावंच लागलं नाही म्हटलं तरी चालेल. ते पैसे ती इतर नाण्यांबरोबर डब्यात ठेवायची. घरमालकाच्या वाट्याला काय येत होतं, हा वेगळा विषय आहे. गळक्या छपरांच्या रूपानं तो आमच्यापर्यंतही पोहोचायचा. पार्ल्याचा साधेपणा हा पार्लेकरांचा गुण होता की त्या कायद्याची देणगी, असा प्रश्न मला हल्ली पडतो. आईच्या वाट्याचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही. पण तिची पाकिटं घेऊन मी आज इथं बसले, तर पहिल्याच पाकिटात बाकीची सगळी बुडतील.

हीच गोष्ट मला माझ्या मावसभावानं कॅलिफोर्नियातून सांगितली, तेव्हा फार नवल वाटलं. तो कुपर्टिनोला राहतो, नवरा-बायको दोघंही संगणकाच्या कंपन्यांत, आणि दोघंही थकलेले. तिथं १९७८ साली लोकांनी मतदान करून मालमत्ता कराला लगाम घातला. घर ज्या किमतीला घेतलं त्याच्या एक टक्का मूळ कर, आणि तो आकारायची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. घर विकलं गेलं की नव्या किमतीवर नवी सुरुवात. त्यामुळं त्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, ऐंशीच्या दशकात घर घेतलेल्या म्हाताऱ्या बाईंपेक्षा तो कित्येक पट जास्त कर भरतो. रस्ता तोच, शाळा तीच, कचऱ्याची गाडीही तीच. "त्या बाईंचा मला राग येत नाही," तो म्हणाला, "त्या गेल्या वर्षी विकून मुलीकडं जाणार होत्या, मीच म्हटलं जाऊ नका." मग थोडं थांबून म्हणाला, "इथं कुणालाच सांगता येत नाही गं. सगळ्यांचे पगार सगळ्यांना अंदाजानं माहीत असतात. तुझा एवढा पगार आणि तुला पुरत नाही म्हणजे तूच कुठंतरी चुकतोयस, असंच धरून चालतात." फोनवरचं त्याचं मराठी अजून पार्ल्याचंच आहे. तोही आमच्या वाडीत उन्हाळ्याला यायचा.

आम्ही हे घर घेतलं मार्च २०२१ मध्ये. करोनाच्या काळात सरकारनं मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी उतरवलं होतं, आधी २ टक्क्यांवर, मग ३ टक्क्यांवर, आणि त्या सवलतीच्या शेवटच्या दिवसांत नोंदणी कार्यालयासमोर मास्क लावलेल्या माणसांच्या रांगा होत्या. आम्ही त्या रांगेत होतो. व्याजाचे दर इतके खाली होते की ब्रोकर, बँकेतला मुलगा, आमचा सीए, सगळे एकच वाक्य बोलत होते: आता नाही तर कधीच नाही. पुढं मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. आमच्या बँकेनं हप्ता थोडा वाढवला आणि मुदत पुष्कळ. एका पत्रानं आमची कर्जातून सुटका नवऱ्याच्या निवृत्तीच्या पलीकडं गेली. महागाई वाढली की माणूस कपभर तेल कमी वापरतो, रिक्षाऐवजी चालत जातो. पण वर्षं वाढली तर त्यांच्यात काटकसर कशी करायची?

कर्जाच्या हप्त्याची रचना मी एका रविवारी कागदावर मांडून पाहिली. एक कोटीचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता येतो ८६,७८२ रुपये. पहिल्या हप्त्यातले ७०,८३३ व्याजात जातात, मुद्दल फिटतं १५,९४९. वीस वर्षांत दोन कोटी आठ लाखांच्या वर रक्कम भरली जाते. आमचं कर्ज याच्या दुप्पट. आकडे मांडून झाल्यावर मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. आपला आजचा पगार आज मिळतो खरा, पण तो खर्च झाला आहे २०२१ सालीच, आणि २०३५ चा पगारही त्याच दिवशी झाला आहे. हातात येणाऱ्या नोटेवर आधीच कुणाचं तरी नाव लिहिलेलं असावं, तसं ते आहे. नोट मोठी आहे म्हणून नाव पुसलं जात नाही. ओढाताण असेल तर ती इथं आहे. उद्याच्या दिवसांना हात लावायची सोय उरलेली नाही. आईची पाकिटं महिनाअखेरीला रिकामी होत, पण एक तारखेला ती सगळीच्या सगळी पुन्हा तिची असत.

मग इथंच का? नवऱ्यानं ठाण्याचं, पुण्याचं, एकदा तर नाशिकचं गणित करून दाखवलं आहे. ती गणितं बरोबर आहेत. मी दर वेळी एकच उत्तर देते, की मुलीनं माझ्यासारखं वाढावं असं मला वाटतं. शाळेतून चालत घरी यावं. वाटेत कुणीतरी ओळखीचं भेटावं, त्यानं "आई बरी आहे ना?" असं विचारावं. संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन पुस्तक बदलावं. दीनानाथला नाटक बघून रात्री चालत परतता यावं. सासऱ्यांना व्हीलचेअरवरून पार्लेश्वराला नेलं, तर देवळात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी असावं.

आणि इथंच ते मला दुखतं. ज्या माणसांच्या शेजारासाठी ही किंमत द्यायला आम्ही तयार झालो, ती माणसं त्याच किमतीमुळं उठून गेली. माझ्या वर्गातली मुलं आज डोंबिवलीत आहेत, बदलापूरला आहेत, विरारला, पुण्याला. कुणाच्या भावाभावांत वाटण्या झाल्या आणि एकाला दुसऱ्याचा वाटा विकत घेता आला नाही. कुणी पुनर्विकासात मिळालेली सदनिका विकली, त्या पैशांत मुलांची दोन घरं लांबच्या गावी झाली. शहाणपणाचेच निर्णय होते सगळे. स्टेशनजवळचा बिस्किटांचा कारखाना, १९२९ पासूनचा, २०१६ मध्ये बंद झाला. लोकलमध्ये डोळे मिटून बसलेल्या माणसालाही ज्या वासानं पार्लं आल्याचं कळायचं, तो वास गेला. शहरातल्या इतक्या महाग जमिनीवर बिस्किटं भाजत बसणं कुणाला परवडणार? जिथं बिस्किटांना परवडत नाही तिथं शाळामास्तरांना तरी कसं परवडावं?

माझी मुलगी शाळेतून बसनं येते. वाटेत तिला ओळखीचं कुणी भेटत नाही.

आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडतात. परवा त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "ताई, या महिन्यात तीन हजार उचल द्या. पोराच्या क्लासची फी भरायचीय. दिवाळीपर्यंत फेडते." त्यांचं सांगणं सरळ होतं, लाटणंही थांबलं नाही. मी पैसे दिले. त्यांच्या तीन हजारांची माझ्या हप्त्याशी तुलना मी करणार नाही. त्यांच्या ओढाताणीच्या टोकाला घर खाली करायला सांगणारा मालक आहे, दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरणं आहे. माझ्या ओढाताणीच्या टोकाला फार तर हे घर विकून, बऱ्यापैकी पैसे गाठीला बांधून, दुसऱ्या चांगल्या घरात जाणं आहे. हा फरक मला दिसतो आणि तो मी रोज स्वतःला दाखवते. तरी त्यांनी ज्या आवाजात "उचल द्या" म्हटलं तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पडवीतला होता. तो माझ्याकडं राहिलेला नाही.

मोठ्या पगाराच्या माणसांमध्ये पैशांबद्दल पुष्कळ बोलणं होतं. कुठल्या फंडात टाकलेत, कुठल्या कार्डावर विमानतळाचा लाउंज मिळतो, कुठल्या शाळेची फी किती वाढली. वाढीव फीबद्दल सगळे मिळून तक्रार करतात, पण ती तक्रार म्हणजे आपण ती फी भरतो असं सांगणं असतं. "मला झेपत नाही" हे एवढं वाक्य कुणी बोलत नाही. ऑफिसात जेवताना नाही, सोसायटीच्या ग्रुपवर तर नाहीच. माझी एक मैत्रीण, इथल्याच एका टॉवरमध्ये राहणारी, हल्ली वाढदिवसाच्या पार्ट्यांना येत नाही. काम आहे म्हणते. मला कारण कळतं. तिला विचारावं असं कितीदा मनात आलं, पण विचारणं म्हणजे तिचं दार बाहेरून उघडण्यासारखं वाटतं, आणि मग आपलंही उघडावं लागेल.

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात एक काका राहतात. ते मूळ सभासद. म्हणजे इथं पूर्वी जी चार मजली इमारत होती तिच्यात त्यांची जागा होती, आणि ती पाडून ही बारा मजली झाली तेव्हा त्यांना नवी सदनिका मिळाली. विमानतळ शेजारी म्हणून पार्ल्यात इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. वाढीव मजले मोजके, म्हणून बिल्डरला विकायला मिळणारी घरंही मोजकी, आणि तीच घरं आमच्यासारख्यांनी घेतली. कागदावर काकांचं घर आणि आमचं घर एका किमतीचं आहे. ते खासगी कंपनीतून निवृत्त झालेले, पेन्शन नावापुरती. ठेवींच्या व्याजावर दोघा म्हातारा-म्हातारींचं चालतं. जुन्या इमारतीत महिन्याचा खर्च पंधराशे होता. आता दोन लिफ्ट, पंप, आग विझवायची यंत्रणा, यांत्रिक पार्किंग, चोवीस तासांचे रखवालदार मिळून तो चौदा हजारांवर गेला आहे. काकांकडं गाडी नाही. मेंटेनन्सचा चेक ते मुदतीच्या शेवटच्या दिवशी, हातात धरून, स्वतः सोसायटीच्या ऑफिसात नेऊन देतात.

रेपो दर वाढला तेव्हा माझा हप्ता चढला आणि काकांच्या ठेवींना जरा बरं व्याज मिळू लागलं. २०२५ मध्ये दर उतरले, मला काही वर्षं परत मिळाली, आणि काकांच्या ठेवी नूतनीकरणाला आल्या तेव्हा त्यांचं महिन्याचं उत्पन्न घटलं. रिझर्व्ह बँकेचा एकच निर्णय आमच्या मजल्यावर दोन दारांत दोन तऱ्हांनी शिरतो. ज्या आठवड्यात मी सुटकेचा श्वास टाकते त्याच आठवड्यात काकांकडचा पेपर बंद होतो. हे मला ठाऊक आहे, कारण सकाळी त्यांच्या दाराच्या कडीत पेपर नसतो. ते आता आमचा पेपर दुपारी मागून नेतात. "जरा शब्दकोडं बघतो," म्हणतात.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये वार्षिक सभेची नोटीस लागली. विषयपत्रिकेवर सहावा विषय: तळमजल्याच्या लॉबीचं नूतनीकरण, इटालियन मार्बल, नवे दिवे, प्रत्येक सदनिकेमागे दीड लाख रुपये वर्गणी. मी आणि काका एकाच वेळी ती वाचत होतो. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत गेली तरी दोघांनी नजर काढली नाही. मग काका म्हणाले, "तुम्हा मंडळींना काय गं, दोन पगार. तुम्हाला हे जाणवायचंही नाही." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते मला लहानपणापासून ओळखतात. माझ्या वडिलांच्या कर्जावर ज्या दोघांनी सह्या केल्या त्यातले एक त्यांचे थोरले भाऊ. मी "हो ना" म्हणाले. दार उघडलं, आम्ही आपापल्या किल्ल्या काढल्या.

ते "हो ना" दोन दिवस माझ्याबरोबर राहिलं. लॉबीत आत्ता जी फरशी आहे ती पाच वर्षांचीही नाही. तिच्यावरून सासऱ्यांची व्हीलचेअर छान जाते. गुळगुळीत मार्बलवर ती कशी जाईल याचा विचार नोटिशीत कुणी केलेला नसणार. मला दीड लाख देता येतील. मुलीच्या पुढच्या तिमाहीतून, सहलीतून, कौलांतून मी ते काढीन, आणि कुणाला कळणारही नाही. काकांना ठेव मोडावी लागेल. तेही कुणाला कळणार नाही. सभेत हात वर करून ठराव मंजूर होईल, आणि आमचे दोघांचे हात इतरांबरोबर वर असतील.

रविवारी दुपारी मी पेपर घेऊन समोरच्या दाराची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. काका आतून म्हणाले, "अगं, मी आलोच असतो न्यायला." मी पेपर दिला आणि बसले. शब्दकोड्याचं पान त्यांनी वेगळं काढलं, चष्मा शोधला. मी म्हटलं, "काका, ते लॉबीचे दीड लाख मला जड जातायत."

त्यांनी चष्मा लावला नाही. "जड म्हणजे? तुला?"

"हो. हप्ता आहे, बाबांचा माणूस आहे, शाळा आहे. पाच तारखेनंतर फार काही उरत नाही."

काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या. काका माझ्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांनी एका दमात सांगायला सुरुवात केली: कुठली ठेव केव्हा संपते, नव्या दरानं किती कमी मिळणार, काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी का पुढं ढकललं आहे, पार्किंगच्या यंत्राचा खर्च गाडी नसलेल्यांनी का द्यायचा हे त्यांनी सेक्रेटरींना विचारायचं ठरवलं होतं आणि मग विचारलं का नाही. सांगताना त्यांचा आवाज चढला. काकू मध्येच म्हणाल्या, "अहो, हळू, खिडकी उघडी आहे," आणि काका म्हणाले, "असू दे उघडी."

चौथ्या मजल्यावरच्या एकांचीही हीच स्थिती असणार, असं ते म्हणाले. त्यांचा मुलगा मधे काही महिने घरी होता. दहाव्या मजल्यावरच्या बाई एकट्या आहेत. माझ्या डोळ्यांपुढं ती पार्ट्यांना न येणारी मैत्रीण आली, पण ती आमच्या इमारतीतली नाही. काकांनी शब्दकोड्याच्या पानाच्या समासात मजल्यांचे आकडे लिहायला घेतले. चौथा, दहावा, मग जरा विचार करून दुसरा. दुसऱ्यापुढं त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

"पण सभेत आधी कोण बोलणार," ते म्हणाले, "तू का मी?"